दोष रक्तात, शिक्षा सुनेला

धाराशिव जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात एखाद्या सुनेचं दुसरं, तिसरं मूल पोटातच गेलं, की तिचा निकाल लागायला वेळ लागत नाही. पुरावा कुणी मागत नाही, तिचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही. ‘कूस धरत नाही’, ‘पांढऱ्या पायाची आहे’, ‘माहेराहूनच काहीतरी घेऊन आली’ अशी कलमं तयारच असतात. शिक्षाही ठरलेली असते: सवत, माहेर किंवा जन्मभर खालमानेनं जगणं. या सगळ्या खटल्यात एकच गोष्ट राहून जाते. तिचं रक्त कुणी तपासत नाही.

आपल्या सगळ्यांवर माझा आरोप हाच आहे. आपण रोग शोधण्याआधी गुन्हेगार शोधतो, आणि गुन्हेगार म्हणून घरातलं सर्वांत दुबळं माणूस निवडतो. हे अज्ञान म्हणून माफ करता आलं असतं. पण ज्या रोगाबद्दल मी लिहितो आहे, त्याची ओळख पटून चाळीस वर्षं उलटली आहेत. उपचार सापडले आहेत, औषधं देशात मिळतात. माहिती हाताशी असताना ती घ्यायची नाही, याला अज्ञान म्हणत नाहीत. याला निष्ठुरपणा म्हणतात.

रोगाचं नाव ॲन्टिफॉस्फोलिपिड सिंड्रोम. डॉक्टर त्याला एपीएस म्हणतात. परक्या जंतूंशी लढण्यासाठी शरीर जी प्रतिद्रव्यं तयार करतं, तशीच काही प्रतिद्रव्यं या रोगात आपल्याच पेशींच्या आवरणातल्या मेदाला चिकटलेल्या प्रथिनांवर उलटतात. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर चिडतं, प्लेटलेट चेतवल्या जातात आणि कुठेही जखम नसताना रक्त आतल्या आत गोठतं. गुठळी पायाच्या शिरेत झाली तर पाय सुजून टणक होतो. ती सुटून फुप्फुसात गेली तर चालता बोलता माणसाचा श्वास कोंडतो. मेंदूत झाली तर तिशीतल्या माणसाचं अंग लुळं पडतं. गर्भारपणात याच प्रतिद्रव्यांनी वारेवर हल्ला केला, तर बाळाचं पोषण तुटतं आणि ते पोटातच दगावतं. गंमत नाही, दुर्दैव असं की याच रक्ताचा नमुना काचेच्या नळीत घेतला तर तो गोठायला उलट जास्त वेळ लागतो, प्लेटलेटही पुष्कळदा कमी भरतात. घाईत रिपोर्ट वाचणारा डॉक्टरही त्यामुळे चकतो आणि गुठळ्यांच्या रोग्याला रक्तस्रावाचा रोगी समजतो.

१९८३ साली लंडनमध्ये डॉ. ग्रॅहम ह्यूज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विखुरलेल्या खुणा एकत्र जोडल्या आणि त्यांच्या मागचा एकच रोग दाखवला. पुढे युरोपातल्या १३ देशांतल्या १,००० रुग्णांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यात ८२ टक्के स्त्रिया होत्या आणि रोग सुरू झाला तेव्हाचं सरासरी वय ३४ होतं. कमावतं, लेकुरवाळं वय. ‘या वयात कसला लकवा, या वयात कसल्या गुठळ्या’ असं म्हणून आपण ज्यांना घरी बसवतो, नेमका त्याच वयाच्या माणसांचा हा रोग आहे. पन्नाशीच्या आत मेंदूचा झटका आलेल्यांमध्ये सुमारे १७ टक्क्यांत ही प्रतिद्रव्यं सापडतात, असं २०१५ सालच्या एका मोठ्या आढाव्यात दिसलं. पुन्हा पुन्हा गर्भपात होणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण १५ टक्क्यांच्या आसपास आहे.

आता हा रोग आपल्या घरांत शिरतो तेव्हा आपण काय करतो, ते पाहू.

सुरुवात गर्भपातापासूनच करतो. १९९७ साली लंडनमध्ये एपीएस असलेल्या आणि आधी वारंवार गर्भपात झालेल्या ९० गर्भवतींवर एक चाचणी झाली. निम्म्या स्त्रियांना कमी मात्रेची ॲस्पिरिनची गोळी दिली, तर उरलेल्यांना त्या गोळीबरोबर हेपॅरिनचं इंजेक्शनही दिलं. नुसत्या गोळीवर ४२ टक्के स्त्रियांच्या कुशीत जिवंत बाळ आलं. गोळी आणि इंजेक्शन दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के. हे आकडे पुन्हा वाचा. ज्या बाईला आपण वांझोटी म्हणून ओवाळणीच्या ताटापासून दूर ठेवलं, डोहाळजेवणाला बोलावलं नाही, बारशाला पाळण्याजवळ येऊ दिलं नाही, तिच्यासारख्या दहांतल्या सात जणी योग्य उपचारांनी आई झाल्या. हे ज्ञान जगाला मिळालं त्या वर्षी जन्मलेल्या मुली आज आपल्या घरांत सुना म्हणून नांदत आहेत, आणि त्यांना आपण अजून गंडे बांधतो आहोत.

प्रत्येक गर्भपात या रोगानं होतो, असं मुळीच नाही. सुरुवातीच्या महिन्यांतले पुष्कळसे गर्भपात गर्भाच्या गुणसूत्रांतल्या दोषामुळे होतात, आणि गुणसूत्रं बापाचीही निम्मी असतात. तरीही तपासायला जाते ती बाई. औषध, उपास, नवस सगळे तिच्याच वाट्याला. नवरा दवाखान्याच्या बाहेर मोटारसायकलवर बसून राहतो. सासूबाई दुसऱ्या स्थळाची चौकशी सुरू करतात, आणि हे सगळं ‘वंशाला दिवा हवा’ या एका वाक्याखाली पुण्यकर्म ठरतं.

याहून घोर अन्याय एका साध्या तपासणीच्या कागदावर होतो. दिवस राहिले की सरकारी दवाखान्यात बाईच्या इतर तपासण्यांबरोबर व्हीडीआरएल ही गुप्तरोगाची, म्हणजे सिफिलिसची चाचणी होते. या चाचणीत कार्डिओलिपिन नावाचा मेद वापरतात. एपीएसमध्ये तयार होणारी काही प्रतिद्रव्यं नेमकी याच मेदाला चिकटतात. त्यामुळे सिफिलिसचा जंतू अंगात नसतानाही चाचणी खोटीच ‘पॉझिटिव्ह’ येऊ शकते. म्हणून टीपीएचएसारखी खात्रीची दुसरी चाचणी केल्याशिवाय निष्कर्ष काढायचा नसतो. पण कागदावरचा शब्द घरी पोचतो, खात्रीची चाचणी मागे राहते आणि बाईच्या चारित्र्यावर बोट उठतं. जी खूण तिचा खरा आजार सांगत होती, तीच तिच्या बदनामीचा पुरावा होते. आणि समजा दुसऱ्या चाचणीतही सिफिलिस निघाला, तरी तो पेनिसिलिननं बरा होणारा आजार आहे. तो घरात कुणी आणला, हा प्रश्न नवऱ्याला विचारण्याची हिंमत किती घरांत असते?

मराठवाड्याला भानामती नवी नाही. अंगावर फुल्या उमटल्या, चट्टे आले, बाई घुमायला लागली, की देवऋषाकडे वर्दी जाते. एपीएसच्या सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रुग्णांत हातापायांवर जांभळट, जाळीदार नक्षीसारखे चट्टे दिसतात. थंडीत ते अधिक उठून येतात, सावळ्या कातडीवर मात्र सहज ध्यानात येत नाहीत. प्लेटलेट फार कमी झाल्या तर मार न लागता काळेनिळे डाग पडतात. काही थोड्या रुग्णांत, विशेषतः कोवळ्या वयाच्या मुलींत, हातापायांच्या आणि चेहऱ्याच्या अनावर, नाचल्यासारख्या हालचाली सुरू होतात. वैद्यकात त्यांना कोरिया म्हणतात. कुणाला फिट येते, कुणाची एका डोळ्याची दृष्टी काही मिनिटं जाऊन परत येते, कुणाचं अर्धं डोकं आठवड्याआड ठणकतं, कुणाला कालचं बोलणं आज आठवत नाही. यातली प्रत्येक खूण मेंदूच्या डॉक्टरला काहीतरी सांगते. आपण मात्र त्या मुलीला अमावस्येच्या रात्री लिंबू-मिरच्या देऊन देवऋषापुढे बसवतो. तो केस धरतो, चाबूक ओढतो, धुरी देतो, ‘कोण आहेस, कुठून आलीस’ म्हणून विचारतो. मेंदूत गुठळी अडकलेली असताना मुलीला मार खावा लागतो.

हा प्रकार बंद व्हावा म्हणून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला. त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात कायदा झाला. अंगातलं भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं, बांधून ठेवणं, चटके देणं हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैद आणि पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा करायला एका डॉक्टरला जीव द्यावा लागला, आणि तो वापरायला आपल्याला पोलीस ठाण्याची पायरी चढण्याचंही जिवावर येतं. पोलीस पाटील गावचाच, देवऋषी गावचाच, आणि मुलगी तर परक्या घरून आलेली!

बाळंतिणीचंही तेच. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे कुठल्याही बाईच्या रक्ताला गोठण्याकडे अधिक ओढ असते. एपीएस असेल तर धोका कितीतरी वाढतो. अशा वेळी तिला भरपूर पाणी लागतं, लवकर उठून चालणं लागतं. आपल्याकडे अजून पुष्कळ घरांत ‘पाणी दिलं तर पोट सुटतं’ म्हणून पेल्यानं मोजून पाणी देतात, दार-खिडक्या बंद करून शेगडीच्या शेकात तिला बाजेवर निजवून ठेवतात. अंगातलं पाणी आटलं की रक्त आणखी दाटतं. बाळंतपणानंतर मेंदूच्या शिरांत गुठळी होण्याच्या रोगाचा अभ्यास करणाऱ्या भारतीय मेंदूतज्ज्ञांनी या पाणी तोडण्याच्या चालीवर पूर्वीच बोट ठेवलं आहे. आठव्या-दहाव्या दिवशी तिचं डोकं फुटायला लागतं, उलट्या होतात, फिट येते. घरातलं माणूस म्हणतं, ‘बाळंतवात झाला, बाहेरचं लागलं.’ पहिले मोलाचे तास अंगारा लावण्यात जातात. आजीबाईंची माया खरी असते, यात मला शंका नाही. पण मायेनं केलेली चूकही जीव घेते, आणि ती चूक आहे हे कळल्यावरही रीत म्हणून चालू ठेवली तर माया हा शब्द वापरायचा आपला हक्क संपतो.

देवीच्या नावावर चालणारी एक गोष्टही बोलली पाहिजे, कारण हा जिल्हा आई तुळजाभवानीचा आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीचा आहे. नवरात्र आलं, घरात सत्यनारायण ठरला, लग्नाची तारीख आली, की औषधाच्या दुकानात पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्यांची मागणी वाढते. डॉक्टरची चिठ्ठी कुणी मागत नाही, कुणी काही विचारत नाही. या गोळ्यांत बहुधा नॉरएथिस्टेरॉन असतं. या कामासाठी लागणाऱ्या मात्रेत घेतलं, तर त्याचा काही भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो आणि इस्ट्रोजेन गुठळ्यांचा धोका वाढवतं. धडधाकट बाईला त्यानं सहसा काही होत नाही. पण जिच्या रक्तात ही प्रतिद्रव्यं आधीच दबा धरून बसली आहेत, तिच्यासाठी हेच निमित्त पुरतं. आई भवानीनं लेकीकडे हे मागितलं नव्हतं. मागितलं ते आपण, विटाळाच्या धाकानं. जिच्या दारात आपण मुलाबाळांसाठी पदर पसरतो, त्या आईला लेकीची पाळी विटाळ वाटते, हे सांगणाऱ्यांनी देवीचा अपमान केला आहे. पूजेच्या दिवसासाठी सुनेचं रक्त पणाला लावणाऱ्या घरात धर्म उरत नाही.

तरुण पोरांचीही सुटका नाही. तिशीतल्या मुलाचं तोंड वाकडं झालं, हात उचलेना, तर पहिला अंदाज ‘पीत असेल’ हा असतो आणि दुसरा ‘वारं गेलं’ हा. मग लकव्याचं तेल, कुठल्या तरी गावचा जडीबुटीवाला, कबुतराचं रक्त. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झटका आल्यापासून साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. धाराशिवहून सोलापूर किंवा लातूर गाठणं या वेळेत सहज शक्य आहे. पण आपले साडेचार तास ‘आधी अमक्याला दाखवू’ यात जातात. एका पायाला अचानक सूज आली तर ‘मुरगळला असेल’ म्हणून तो चोळतात. पायातली गुठळी चोळल्यानं सुटून फुप्फुसात जाऊ शकते, हे चोळणाऱ्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ज्यांना रोग कळला, त्यांची वाट आपण सोपी करतो का? रक्त पातळ ठेवणारी गोळी बहुतेकांना वर्षानुवर्षं, कित्येकांना जन्मभर घ्यावी लागते. ती वॉर्फरिन किंवा ॲसिट्रॉम या जातीची असेल तर ठरावीक दिवसांनी आयएनआर ही तपासणी करून बहुतेक रुग्णांत तो आकडा २ ते ३ या मर्यादेत ठेवावा लागतो. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. दिवस राहिले की ही गोळी बाळाला घातक ठरू शकते, म्हणून डॉक्टरच्या देखरेखीखाली तिच्या जागी हेपॅरिनचं इंजेक्शन सुरू करावं लागतं. कळंब, वाशी, भूम, परांडा या भागांतून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यानं हे कसं सांभाळायचं? उचल घेतलेली असते, एक दिवस गैरहजर राहिलं तर खाडा पडतो, मुकादमाला आयएनआर कळत नाही. गर्भपात झालेली बाई आठवडा पुरा व्हायच्या आत मोळी उचलते. शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येनं काढल्या गेल्याचं उघड झालं, तेव्हा २०१९ साली सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. कारण शोधण्यापेक्षा पिशवी काढणं सोपं, असं ज्या व्यवस्थेला वाटतं, ती या रोगाचं निदान कधी करणार?

सरकारचाही हिशेब मागितला पाहिजे. २०१८ साली नीती आयोगानं आकांक्षित जिल्ह्यांची यादी केली, तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांत आपला जिल्हा होता. म्हणजे मागासलेपणाची सरकारी कबुली आपल्याजवळ आहे. आता जिल्ह्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही मिळालं आहे. मग ल्युपस ॲन्टिकोॲग्युलंट, ॲन्टिकार्डिओलिपिन आणि ॲन्टि-बीटा-२-ग्लायकोप्रोटीन या तीन चाचण्या गरिबाला जिल्ह्यातच आणि फुकट मिळाल्या पाहिजेत. आयएनआरची सोय तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात हवी. मुंबईत परळला राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. तिथल्या संशोधकांनी भारतीय स्त्रियांच्या वारंवार गर्भपातांमागच्या या प्रतिद्रव्यांचा अभ्यास केला आहे. ज्ञान परळपर्यंत आलं आहे. ते परांड्यापर्यंत येत नाही, हा दोष ज्ञानाचा नाही.

आणि हे इथल्या मातीत जमत नाही, असंही कुणी म्हणू नये. तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशननं गावच्याच बायकांना आरोग्याचं शिक्षण देऊन ‘भारतवैद्य’ म्हणून उभं केलं. ज्यांना घरात बोलायची चोरी होती, त्या बायका गावाच्या आरोग्याबद्दल बोलू लागल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात लोहारा-उमरग्याची गावं जमीनदोस्त झाली, तेव्हा याच जिल्ह्यानं ढिगाऱ्यातून माणसं काढली, कुणाची जात विचारली नाही. हे बळ आपल्यात आहे. घरातल्या सुनेची वेळ आली की ते कुठे जातं, एवढाच माझा प्रश्न आहे.

तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. त्यांनी थापटणं हातात घेऊन एकेक मडकं पारखलं, मग कुठलं कच्चं ते सांगितलं. आधी पारख, मग निकाल. आपण त्याच काकांची समाधी पुजतो आणि सुनेला न पारखताच कच्ची ठरवून घराबाहेर ठेवतो.

तेव्हा आता काय करायचं ते स्पष्ट सांगतो. दोन गर्भपात झाले, किंवा तिसरा महिना उलटल्यावर पोटातलं मूल गेलं, तर तिसऱ्या वेळेची वाट पाहू नका. नवरा-बायको दोघांनी मिळून डॉक्टरला ‘एपीएस तपासायचं का’ असं तोंडानं विचारा. पन्नाशीच्या आत लकवा, एका पायाची अचानक सूज, विनाकारण दम, बाळंतपणानंतरची असह्य डोकेदुखी किंवा फिट, व्हीडीआरएल पॉझिटिव्ह पण टीपीएचए निगेटिव्ह, यांतलं काहीही असेल तर तेच करा. एकदा चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. साध्या संसर्गातही ती तात्पुरती तशी येते, म्हणून किमान १२ आठवड्यांनी ती पुन्हा करतात. रोग पक्का झाला तर गोळी नवरात्रात, श्रावणात, उपासात, कधीच मनानं सोडू नका. झाडपाल्याचं औषध, दुखण्याची गोळी, कुठल्याही डॉक्टरची सुई घेण्याआधी ‘मी रक्त पातळ करण्याची गोळी घेते’ हे सांगा. पाळी लांबवायची गोळी दुकानातून आणू नका, लेकीला आणायला लावू नका.

आशाताईंनी ही लक्षणं आपल्या वहीत लिहून घ्यावीत. बचत गटाच्या बैठकीत त्यांवर एक तास बोलावं. कीर्तनकारांनी सप्त्यात एका रात्री सांगावं की गर्भपात झालेल्या बाईला पांढऱ्या पायाची म्हणणारा पापी आहे. गावच्या शाळेतल्या गुरुजींनी आठवी-नववीच्या मुलामुलींना शिकवावं की भानामती नसते, आजार असतो. आणि ज्या ग्रामसभेत दारूबंदीचा ठराव होतो, त्याच ग्रामसभेत ठराव व्हावा: या गावात कुणाही आजारी माणसाला देवऋषापुढे बसवून मारलं, तर गाव स्वतः पोलिसांत फिर्याद देईल.

सासूबाई, तुम्हाला शेवटी हात जोडून सांगतो. तुमच्याही वेळी कुणीतरी तुम्हाला असंच बोललं असेल. ते विष पुढच्या पिढीच्या ताटात वाढू नका. सुनेचा हात धरा, तिला देवऋषाच्या नव्हे, दवाखान्याच्या रांगेत उभं करा, आणि तिच्याबरोबर तुम्हीही उभ्या राहा.